घाटीला न्या

आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांनी यंदा दवाखाना बंद केला. सिल्लोडमध्ये आता डॉक्टरांची वाण नाही, त्यामुळे कुणाचं अडणार नाही. पण रेफर चिठ्ठी मन लावून लिहिणारा माणूस आमच्याकडून गेला, आणि त्याची कुणी दखलही घेतली नाही, हे मला लागलं.

संभाजीनगरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1956 चं. तेव्हापासून आमच्या भागात अवघड दुखण्याला उपाय एकच: त्याचं रुग्णालय, म्हणजे घाटी. पहिल्या काही दशकांत गाडी मिळाली तर माणूस पोचायचा, नाही तर नाही. त्यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही.

मी जवळून पाहिलं ते 2010 नंतरचं दशक. 2014 मध्ये 108 ची ॲम्ब्युलन्स सुरू झाली. त्या गाडीने किती जीव वाचवले, ते इथल्या घराघरांत ठाऊक आहे. पण रुग्ण झटपट निघू लागला तशी चिठ्ठी आखडत गेली. आमचे डॉक्टर पाठपोट लिहायचे. त्रास कधीपासून, काय तपासलं, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, कोणतं औषध सोसत नाही आणि शेवटी तज्ज्ञाला नेमका प्रश्न. दशक सरता सरता बहुतेक केसपेपरवर एक ओळ उरली: पुढील उपचारासाठी घाटी.

मका-कपाशीच्या या तालुक्यात पावसाळ्यात सापाचे रुग्ण येतात. विषारी दंशाची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच साधारण 10 कुप्या प्रतिविष द्यावं लागतं. त्या दिल्या का, किती वाजता, त्यानंतर रक्त गोठतंय का, हे कागदावर नसेल तर 65 किलोमीटरवरच्या डॉक्टरने पुढचा डोस कशावरून ठरवायचा? माझ्या चुलतीला शहरातल्या एका रुग्णालयात नेलं, तेव्हा इथे दिलेल्या औषधाचं नाव कुणालाच सांगता येईना. अजिंठ्याचा रस्ता त्या वर्षांत रुंदीकरणासाठी उखडलेला होता. हाल सोसत पोचलो आणि सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून झाल्या. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

चिठ्ठीची जागा दुसऱ्याही एका गोष्टीने घेतली. ती म्हणजे कमिशन. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला राहून विंचूदंशावर जगाने मानावं असं काम करतात. रुग्ण पाठवल्याबद्दल आलेला धनादेश त्यांनी स्वीकारला नाही, थेट वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. 2017 मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला. त्याचा गाजावाजा झाला, कायदा काही हाती आला नाही. ज्या चिठ्ठीवर रुग्णाच्या दुखण्यापेक्षा पाठवणाऱ्याचं नाव ठळक असतं, तिला मी चिठ्ठी म्हणणार नाही.

नियम नव्हता असं नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2002 पासून स्पष्ट लिहिलं आहे: तज्ज्ञाकडे पाठवताना रुग्णाचा सारांश द्यावा आणि तज्ज्ञाने आपलं मत पाठवणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवावं. त्यातला दुसरा भाग तर सगळेच विसरले. आमच्या डॉक्टरांना त्यांच्या पाठपोट कागदांची उत्तरं क्वचितच आली. शिकणार कसं, आपलं निदान चुकलं की बरोबर होतं हेच कळलं नाही तर?

2019 पासून एमबीबीएसला संवादाचा अभ्यासक्रम आला आहे. चांगलं झालं. रुग्णाशी कसं बोलावं हे शिकवतात, तितक्याच काटेकोरपणे डॉक्टरने डॉक्टरला कसं लिहावं हेही शिकवायला हवं. इंटर्नकडून खऱ्या रुग्णांच्या चिठ्ठ्या लिहून घ्याव्यात, वरिष्ठांनी त्या तपासाव्यात आणि घाटीतून परतीचं उत्तर इथल्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत आणि गावच्या डॉक्टरांपर्यंत यावं. याला नवी इमारत लागत नाही.

तोवर आपण एवढं करावं. कुणी "घाटीला न्या" म्हटलं, तर गाडीत बसण्याआधी काय दिलं आणि किती वाजता दिलं, हे लिहून मागा. आणि परत आल्यावर डिस्चार्ज कार्ड गावातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवा.