घर सोडणारा आणि घरी उरणारे

नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. लातूरचं उपकेंद्रही त्याच विद्यापीठाचं. १९०३ साली जन्मलेल्या या मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचं घरचं नाव मात्र व्यंकटेश खेडगीकर. नाव का बदललं? संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतःच करतो. घराच्या लेखी तो गेला. जुन्या हिंदू कायद्यातही त्याचा वारसाहक्क संपतो.

हक्क सुटला, पण आईबापांचं म्हातारपण सुटतं का? आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं इथं शंकराचार्यांची कथा सांगतो. आईनं परवानगी दिली, ती अंतकाळी येण्याच्या वचनावर. आणि संन्याशाला मनाई असूनही त्यांनी तिचे अंत्यसंस्कार केले. म्हणजे बघा, व्रत एकजण घेतो, पाळावं लागतं सगळ्या घराला.

आजही आपल्याकडची मुलं-मुली सेवाकार्यासाठी पूर्णवेळ बाहेर पडतात. त्यांनी निघताना आशीर्वाद जरूर मागावा, पण एवढंही विचारावं, ‘माझ्या वाटचं काम इथं कोण करणार?’ जो भाऊ किंवा बहीण ‘मी करीन’ म्हणेल, त्याची तीही सेवाच. तिला कुणी नवं नाव देत नाही, एवढंच.