भिंतीवरची सनद आणि हातातली विद्या

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचे मेहकर-लोणार असो की घाटाखालचे जळगाव जामोद-संग्रामपूर, अकस्मात कोसळलेल्या इसमाला लोक बहुधा प्रथम ज्याच्या दवाखान्यात नेतात, त्या फॅमिली डॉक्टरने विद्यार्थिदशेत हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे, म्हणजेच सीपीआरचे, शिक्षण घेतले असल्यामुळे ती विद्या त्याच्या हाती आजन्म वास करील, असा जो समज जनतेत आणि काही अंशी खुद्द डॉक्टरांतही दृढ आहे, तो निराधार आहे. पुस्तकी ज्ञान पुष्कळ काळ टिकते. हस्तकौशल्य मात्र सरावावाचून तीन ते सहा महिन्यांतच क्षीण होऊ लागते. प्रौढाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० वेळा दाबावी, प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यावी आणि ३० दाबांमागे २ श्वास द्यावेत, हे सारे मुखोद्गत असलेला डॉक्टरही सरावाच्या पुतळ्यावर पुष्कळदा उथळ दाबतो, आणि दोन मिनिटांत आपले हात थकले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. अशा प्रशिक्षणाच्या दाखल्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते खरी, पण ती मुदत कागदाची, हातांची नव्हे! महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत लागणारे ३० श्रेयांकही व्याख्याने ऐकून मिळू शकतात. वर्षातून एकदाच्या प्रशिक्षण-समारंभापेक्षा, तालुक्यातील डॉक्टरांनी सामायिक पुतळा घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी दहा मिनिटे हात चालवण्याची तजवीज मला अधिक हितावह वाटते.

‘१०८ला फोन केला, आता ती गाडी येईलच,’ हा दुसरा दिलासा. २०१४ पासून चालणाऱ्या या रुग्णवाहिका सेवेचे मोल निर्विवाद आहे. तथापि छातीदाबाविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि घाटातला रस्ता तेवढी सवलत देत नाही. रोगी आचके देत असला म्हणजे श्वास चालू आहे, ही समजूतही घातक होय. नाडी शोधण्यात १० सेकंदांहून अधिक काळ दवडू नये.

केवळ छातीदाब सर्वत्र पुरतो, हेही खरे नव्हे. विहिरीत बुडालेल्यास प्रथम श्वासच हवा. आणि मण्यारीच्या दंशाने स्नायू लुळे पडून श्वास थांबला, तरी हृदय चालू असेल, तर रुग्णालय गाठेपर्यंत कपाटातली अँबू बॅग हाती घेऊन, मुखवटा घट्ट बसवून, डॉक्टरला सतत श्वास देत राहावे लागते.