गोळीआधी हृदयाचा हिशेब : औषधचाचणीतले आकडे आपण का वाचावेत?

छातीतल्या जळजळीवरचे सिसाप्राइड हे औषध हृदयाची लय बिघडवते, काही रुग्ण त्यामुळे दगावले, हे कळल्यावर अमेरिकेत 2000 साली त्याची खुली विक्री थांबली. भारतात बंदी आली फेब्रुवारी 2011 मध्ये. मधल्या अकरा वर्षांत तामलवाडीसारख्या गावातल्या रुग्णाला हा धोका कोण सांगणार होते? आकडे वाचणारी माणसे आपल्यात हवीत, ती यासाठी.

असा धोका माणसापर्यंत येण्याआधीच पकडावा म्हणून 2005 पासून 'एस7बी' ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नवे औषध आधी पेशींवर आणि मग बहुधा कुत्रा किंवा माकड यांच्यावर तपासतात. प्राण्याच्या शरीरात छोटे यंत्र बसवून तासन्‌तास ईसीजी नोंदवतात. त्यातला 'क्यूटी' म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाच्या खालच्या कप्प्यांना विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ. तो फार लांबला तर जीवघेणी लय सुरू होऊ शकते.

अडचण अशी की ठोके वाढले की क्यूटी आपोआप आखडतो. मग बदल औषधाचा की ठोक्यांचा? त्यासाठी सूत्रे वापरतात. समजा, मिनिटाला 100 ठोके असताना क्यूटी 340 मिलिसेकंद भरला. बॅझेटच्या सूत्राने तो 439 होतो, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने 403. दोन्ही सूत्रे 1920 सालची, मोजमाप एकच, तरी फरक 36 मिलिसेकंदांचा! म्हणून आता औषध न दिलेल्या दिवशीच्या नोंदींवरून प्रत्येक प्राण्याचे ठोके आणि क्यूटी यांचे नाते स्वतंत्रपणे काढतात.

पुढे त्याच प्राण्यांना आळीपाळीने औषध आणि निष्क्रिय द्रव देतात, म्हणजे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. त्यामुळे चार-आठ प्राण्यांतही बरेच कळते. पण इथेच खरी मेख आहे. सरासरी वाढ 3 मिलिसेकंद आली आणि विश्वास-मर्यादा उणे 9 ते अधिक 15 असली, तर 'परिणाम आढळला नाही' असे लिहिता येईल. 'परिणाम नाही' असे नाही. 15 ची शक्यता अजून उभीच आहे. या दोन वाक्यांतला फरक कुणाच्या तरी जिवाचा असतो.

प्राण्यांचे काय? पंचशीलातले पहिलेच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. ढिसाळ मांडणीमुळे वाया गेलेला प्रयोग म्हणजे निष्फळ वेदना. नीट मांडणी केली तर कमी प्राणी लागतात. मार्च 2023 च्या नियमदुरुस्तीने भारतात मानवी पेशी आणि संगणकीय प्रारूपे अशा प्राणिविरहित पद्धतींनाही वाट मोकळी झाली आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच : केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासा. त्या यादीत आज कंपनीचे माहितीपत्रकही घालायला हवे. फार्मसी, पशुवैद्यक, संख्याशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी कोणताही अहवाल हाती आला की तीन प्रश्न विचारावेत : किती प्राणी होते? क्यूटी कोणत्या सूत्राने दुरुस्त केला? विश्वास-मर्यादा किती होती? बाबासाहेबांनी प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड दिली. ही जोड प्रयोगशाळेपर्यंत नेणे आता आपल्या हाती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!