थ्रॉटलवरचा हात

दख्खनच्या पठारावरील एका वैमानिक प्रशिक्षण केंद्राच्या धावपट्टीलगत उभा राहून मी जी उड्डाणे न्याहाळली, त्यांपैकी एक जमिनीपासून पुरुषभर उंचीवरच संपले.

सेस्ना १७२ जातीचे ते विमान मध्यरेषेवर आले, तेव्हा उड्डाणापूर्वीचे सर्व सोपस्कार यथासांग उरकलेले होते: टाक्यांच्या तळचे इंधन काढून त्यात पाणी नसल्याची खात्री केलेली होती, इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर नेऊन दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने तपासलेले होते, आणि वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी डावीकडून येणाऱ्या झुळुकेची ग्वाही देत होती. थ्रॉटल पूर्ण पुढे गेला, विमान धावू लागले, आणि थोडक्या अंतरातच त्याचे नाक डावीकडे वळले.

हे वळणे अटळ असते. वैमानिकाच्या आसनावरून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याने मागे लोटलेला हवेचा झोत विमानाच्या अंगाभोवती पीळ घेत शेपटीच्या उभ्या पृष्ठावर डाव्या बाजूने आदळतो व नाक डावीकडे ढकलतो. त्यात वाराही डावीकडचा असला, म्हणजे वातकुक्कुटाप्रमाणे विमान त्याच्याकडे तोंड फिरवू पाहते. उजव्या पायाने रडरचे पायडल दाबून, वेग वाढेल तसतसा तो दाब बदलीत राहणे, ही विद्या अंगवळणी पडण्यास काळ जावा लागतो.

या धावेत प्रशिक्षणार्थ्याचा उजवा पाय कमी पडला; ती चूक सावरता आली असती. परंतु धावपट्टीची कड जवळ येताच इंजिनाचा आवाज उतरण्याऐवजी तसाच चढा राहिला, आणि नाक उचलण्याचा सुमारे ५५ नॉटांचा वेग गाठण्यापूर्वीच चाके जमिनीवरून सुटली. पंखांच्या विस्ताराइतक्या, म्हणजे या विमानाच्या बाबतीत सुमारे ३६ फुटांच्या उंचीपर्यंत, जमिनीच्या सान्निध्याने हवेचा रोध घटतो व अपुऱ्या वेगातही विमान तरंगते. ही उसनी ताकद वर चढू लागताच सरते. उन्हाळ्यात तर २००० फूट उंचीच्या मैदानावर पारा ४० अंशांवर गेला, की विरळ हवेत विमानाची कुवत साडेपाच हजार फुटांवर असावी तितकीच उरते. डावा पंख झुकला, विमान गवतात आदळले, पुढचे चाक मोडले; प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी मात्र आपल्या पायांनी बाहेर आले. पंचनाम्याच्या वेळी पंख्याच्या पात्यांची टोके पुढे वळलेली दिसली: पाती मातीला भिडली तेव्हा इंजिन अद्याप जोर लावीत होते, याची ती साक्ष.

धावेच्या काळात उजवा हात थ्रॉटलवरच ठेवण्याचा जो दंडक आहे, त्याचा अर्थ मला त्या पात्यांपाशी उमगला. तो हात थ्रॉटल पुढे राखण्यासाठी असतो, तितकाच तो क्षणार्धात मागे ओढण्यासाठीही असतो. परंतु उड्डाण साधणे म्हणजे यश आणि सोडून देणे म्हणजे नामुष्की, असा समज ज्या तरुण मनात रुजला, त्याचा हात ऐन वेळी थ्रॉटलकडे न वळता विमान वर खेचण्याकडे वळतो. अपघाताच्या चौकशीचा हेतू दोषारोप नसून पुनरावृत्ती टाळणे हा असावा, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचे नियम सांगतात. त्या हेतूशी इमान राखावयाचे, तर प्रशिक्षणार्थ्याला पहिल्या एकट्या उड्डाणापूर्वीच धाव मध्येच थांबविण्याचा भरपूर सराव द्यावा, आणि वेळीच थांबलेल्या प्रत्येक धावेबद्दल प्रशिक्षकाने त्याला उघड शाबासकी द्यावी.