वारा म्हणेल तिकडे

रात्री साडेनऊला फोन आला. पलीकडे आमचा कपितान. "उद्या पोलिएगोस नाही. सकाळी पाच, दुपारी सहा. दक्षिणेला जाऊ. नऊ वाजता या." धक्क्याचं नाव सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

पाच आणि सहा ही वेळ नव्हे, हे बोफोर. ग्रीसच्या बेटांवर पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे वाऱ्याचा भाव याच मापात सांगतात. (तोफेशी संबंध नाही. 1805 मध्ये फ्रान्सिस बोफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं शून्य ते बारा अशी वाऱ्याची पट्टी केली, तीच ही.) सहा म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर. मोठ्या जहाजाला त्याचं काही नाही. आठ मीटरच्या बोटीला मात्र आहे.

मुलगी हिरमुसली. म्युनिकमध्ये बसून तिनं दोन महिने आधी ही बोट ठरवली होती, ती खास पोलिएगोससाठी. आम्ही उतरलो होतो त्या मिलोस बेटाच्या पूर्वेला असलेलं हे ओसाड बेट. नावाचा अर्थ 'पुष्कळ शेळ्या', आणि खरोखरच तिथे शेळ्यांखेरीज वस्ती नाही. एजियन समुद्रातल्या मोठ्या निर्मनुष्य बेटांपैकी हे एक, कड्यांखालच्या गुहांत दुर्मीळ मंक सील राहतात. फोटोतलं पाणी पाहून डोळे निवतात. आम्ही गच्चीत आलो. आकाशात ढगाचं बोटभर चिरगूट नाही, चांदणं नुसतं सांडलेलं. "बाबा, कसलं वादळ? जवळच्या जवळ फिरवून पैसे घेणार आपल्याकडून."

साडूही तिच्याच बाजूचे. त्यांना सँटोरिनीत आदल्या आठवड्यात एकानं फसवलं होतं. जाहिरातीत 'खासगी बोट', प्रत्यक्षात चौदा माणसं आणि एक संडास. त्यामुळे त्यांचा सगळ्याच बोटवाल्यांवर राग.

मी गप्प राहिलो. एकतीस वर्षं जहाजांवर काढली, त्यातली अकरा ग्रीक मालकांच्या. पण मी इंजिनवाला, आणि इंजिनरूममध्ये वारा दिसत नाही. मला वारा माहीत आहे तो कोकणातल्या आमच्या हर्णैचा म्हणून. आमच्याकडे जोराचा वारा आला की त्याच्यामागे काळं आभाळ असतं, पाऊस असतो, बोटी वर ओढलेल्या असतात. लख्ख उन्हात आणि लख्ख चांदण्यात दिवसचे दिवस घोंघावणारा वारा कोकणी माणसाला पटकन पटत नाही.

त्याचं नाव मेलतेमी. जुलै-ऑगस्टमध्ये तो एजियनवर उत्तरेकडून सुटतो, कधी दोन दिवस, कधी आठ दिवस. दुपारी चढतो, रात्री थोडा बसतो. प्राचीन ग्रीक त्याला 'एतेसियाई' म्हणत, म्हणजे वर्षाचे वारे, दरवर्षी येणारे. ॲरिस्टॉटलनं त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. आता आपला 'मॉन्सून' बघा. तोही अरबी 'मौसिम'वरून आलेला, म्हणजे ऋतूचा वारा. नावांतलं हे साम्य योगायोगाचं असेल, पण नातं खरं आहे. उन्हाळ्यात आशिया खंड तापतो, राजस्थान-पाकिस्तानच्या बाजूला हवेचा दाब उतरतो आणि त्या खळग्याकडे आपला नैऋत्य वारा धावत येतो. त्याच खळग्याची शेपटी इराण-इराक ओलांडून पार तुर्कस्तानापर्यंत जाते. तिकडे बाल्कन प्रदेशावर दाब जास्त. मग हवा उत्तरेकडून एजियनमार्गे खाली घसरते. आपला वारा समुद्र पिऊन येतो म्हणून पाऊस देतो. त्यांचा कोरड्या जमिनीवरून येतो म्हणून आभाळ निळं ठेवतो. हर्णैला ज्या महिन्यांत बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, त्याच महिन्यांत मिलोसचा कपितान रात्री साडेनऊला फोन करतो. दोघांच्या घरची भानगड एकच.

हे सगळं मी मुलीला गच्चीत सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग झोपायला गेली.

सकाळी दक्षिण किनाऱ्यावरच्या लहानशा धक्क्यावर उतरलो आणि साडूंचा चेहरा बदलला. गाडी उत्तरेकडून निघाली तेव्हा वाऱ्यानं दार उघडेना. इथे पाणी जवळपास सपाट. मधल्या डोंगरांनी वारा अडवलेला. खासगी बोटीचे पैसे कशाचे, तर याचे. वेळापत्रकाची मोठी बोट ठरल्या जागी जाते, नाहीतर रद्द होते. खासगी बोटवाला सकाळी बेटाची पाठ कुठली आणि पोट कुठलं ते बघतो आणि तुम्हाला आडोशाच्या बाजूला नेतो. म्हणून माझं मत असं की ग्रीसमध्ये बोट ठरवताना बेट ठरवूच नये. दिवस ठरवावा, माणूस ठरवावा, जागा त्याच्यावर सोडावी. फोटो बघून जागेचा हट्ट धरणारा प्रवासी चांगल्या कपितानाला नकोसा असतो, आणि हट्ट पुरवणारा कपितान तुम्हाला नको.

बोटी साधारण तीन तऱ्हेच्या मिळतात. एक शिडाची, सावकाश, पोटातलं पाणी हलवत नेणारी. दुसरी जुनी लाकडी मासेमारीची होडी, तिला तिथे 'कैकी' म्हणतात. डिझेलचं इंजिन, सहा-सात नॉटचा वेग, आणि टुकटुक असा आवाज की माझ्यासारख्याला झोप यावी. पण त्या कमी होत चालल्या. मासेमारी कमी करण्यासाठी युरोपीय संघानं परवाना परत करणाऱ्याला पैसे दिले. अट अशी की बोट मोडायची. हजारो कैकी बुलडोझरखाली गेल्या. ज्या बापजाद्यांनी हातानं घडवल्या त्यांच्याच नातवांदेखत. तिसरी तऱ्हा आमची, कडक तळाची आणि कडेला फुगवलेल्या रबरी नळ्यांची. ग्रीक तिला 'फुस्कोतो' म्हणतात. हे नाव ऐकून मेहुणी इतकी हसली की कपितानाला वाटलं, तिला बोट लागली.

चौथा प्रकार म्हणजे स्वतः चालवायची छोटी बोट. ग्रीसमध्ये 30 अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाची बोट परवाना नसतानाही भाड्यानं मिळते. जावयाच्या मनात तेच होतं. मी मोडता घातला, कारण साधं आहे. वारा पाठीशी असला की वारा जाणवत नाही. बोट मजेत पळते, पोरं गाणी म्हणतात. परत फिरलं की तोच वारा तोंडावर येतो, लाट नाळेवर आपटते आणि अर्ध्या तासाचा रस्ता दीड तासाचा होतो. मेच्या शेवटी, सप्टेंबरात, शांत दिवशी जरूर चालवावी. मेलतेमीत नाही.

निघण्यापूर्वी कपितानानं सहाही जणांची नावं, पासपोर्ट क्रमांक घेतले. भाडेकराराचा कागद आणि प्रवाशांची यादी या दोन गोष्टी जो विचारत नाही, त्याच्या बोटीत बसू नये. मी सवयीनं मागे जाऊन इंजिन बघितलं. 250 अश्वशक्तीचं एकच पेट्रोलचं आउटबोर्ड, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नीट पडतेय, पेट्रोलचा वास नाही. तो बघत होता. "मेकॅनिक?" मी म्हटलं, "चीफ इंजिनिअर, ग्रीक जहाजं, अकरा वर्षं." त्यानंतर दिवसभर मी 'चीफ'. त्याचा मामाही जहाजावर होता. बेटांवर प्रत्येकाचा एक मामा जहाजावर असतोच.

पैशाचंही सांगून टाकतो. आठ तासांचे नऊशे युरो, पेट्रोल वेगळं. हे 'वेगळं' नीट विचारून घ्यावं. असं इंजिन मध्यम वेगात तासाला चाळीस-पंचेचाळीस लिटर पितं. आमचं अडीच तास चालणं झालं, म्हणजे 110 लिटर, आणि बेटावर लिटरला दोन युरोंच्या वर. सहा जणांत वाटून माणशी दोनशेच्या आत बसलं. महाग आहेच. गुणाकार करून रुपयांत आकडा काढायचा नाही, असं हिनं आधीच बजावलं होतं.

फिरिप्लाकाचे लाल-पिवळे-पांढरे कडे, मग गेराकास, जिथे फक्त पाण्यातूनच जाता येतं. मिलोस हे ज्वालामुखीचं बेट, त्यामुळे डोंगर असा रंगीत. इथला काळा काचेसारखा दगड, ऑब्सिडियन, मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत सुमारे 13,000 वर्षांपूर्वीच्या थरांत सापडला आहे. म्हणजे चाकू करायला दगड हवा म्हणून तेव्हाची माणसं कसल्या तरी तराफ्यावरून इथे येत होती. त्यांनीही वारा बघूनच दिवस ठरवला असणार.

मग क्लेफ्तिको. 'क्लेफ्तिस' म्हणजे चोर. समुद्री चाचे इथे दडून बसत. पांढऱ्या शुभ्र खडकांचे सुळके सरळ पाण्यातून उभे, त्यांत कमानी, बोगदे. धक्का नाही, टपरी नाही, झाड नाही.

नांगर टाकायची वेळ आली तेव्हा कपितानानं सुकाणू माझ्या हातात दिलं. एकतीस वर्षांत मी ते कधी धरलं नव्हतं. तो नाळेवर जाऊन पाण्यात वाकून बघत उभा राहिला. खाली फिकट पट्टे आणि काळपट डाग. "चीफ, थोडं डावीकडे. सिगा, सिगा." म्हणजे हळू हळू. काळपट ते पोसिडोनियाचं गवत. शेवाळ नव्हे, मुळं-पानं-फुलं असलेली खरीखुरी वनस्पती, आणि तिची ही जात फक्त भूमध्य समुद्रात उगवणारी. माशांची पिल्लं त्यात वाढतात. नांगर त्यात फेकला तर उपटून निघतं आणि पुन्हा धरायला कैक वर्षं लागतात. पाच मीटर पाणी होतं. त्यानं फिकट पट्ट्यावर वाळूत नांगर सोडला आणि पंचवीसेक मीटर दोर-साखळी देऊन टाकली. दोर ताणला, बोट मागे सरली, थांबली. मग त्यानं पाण्यात उडी मारली, डोळ्यांनी नांगर बघून आला आणि त्यानंतरच इंजिन बंद केलं. शेजारच्या एका बोटीनं आमच्यादेखत सरळ गवतात नांगर टाकला. कपितान काहीतरी ओरडला. शब्द कळले नाहीत, पण हर्णैच्या बंदरात तांडेल असंच ओरडतात.

पाणी इतकं नितळ की बोटीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती. जावई-मुलगी कमानीतून पोहत पलीकडे गेली. हिनं तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, कपितानानं कलिंगड कापून त्याबरोबर फेटा चीज ठेवलं. खारट आणि गोड एकत्र; तुम्हाला वाटतं त्यापेक्षा चांगलं लागतं. त्यानं चार पुऱ्या खाल्ल्या.

मी विचारलं, मासे? तो हसला. "पाणी बघ, चीफ. असं पाणी म्हणजे उपाशी पाणी." खरंच होतं. आमचं कोकणातलं पाणी गढूळ, कारण नद्या गाळ आणतात, प्लवंग वाढतं, त्यावर मासा जगतो. इथे मोठ्या नद्या नाहीत, पाण्यात खाद्य नाही, म्हणून तळ दिसतो. खानावळीत मासा किलोवर तोलून, आधी भाव सांगून का देतात, ते तेव्हा कळलं. त्याचा बाप कैकीवर मासे धरायचा. हा माणसं फिरवतो. निळ्या पाण्यातून तेवढंच मिळतं.

दुपारी तीननंतर डोंगरावरून झोत खाली कोसळू लागले. नितळ पाण्यावर काळे शहारे धावत यायचे, बोट हिसका खायची, पुन्हा शांत. कपितानानं घड्याळ न बघता नांगर उचलला. "सहा आले," म्हणाला.

संध्याकाळी वारा खात उत्तरेच्या बाजूला क्लिमा गावात गेलो. खाली बोटीचं कोठार, वर खोली, अशी मच्छीमारांची रंगीत दारांची घरं, 'सिर्माता' म्हणतात त्यांना. दार उघडलं की समोर पाणी. पायरी नाही, उंबरा नाही, पाणीच. मी बराच वेळ तिथे उभा होतो. कारण आमच्याकडे असं घर बांधलं तर पहिल्याच भरतीला चूल पोहायला लागेल. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत जवळपास पाच मीटरचा फरक पडतो. इथे जेमतेम वीतभर. भूमध्य समुद्राचं तोंड जिब्राल्टरपाशी इतकं चिंचोळं की महासागराची भरती आत जवळपास शिरतच नाही. आमचा समुद्र दिवसातून दोनदा येतो-जातो, त्यांचा जागेवर असतो; त्यांच्याकडे यायचं-जायचं काम वारा करतो.

तिसऱ्या दिवशी पिरेअसला परतायचं होतं. सकाळी आदामास बंदरावर फेरीच्या रांगेत उभे होतो. एक पान हलत नव्हतं. कपितान धक्क्यावर डबे घेऊन पेट्रोल भरत होता. आम्हाला बघून त्यानं हात वर केला, पूर्वेकडे बोट दाखवलं आणि तळवा हवेत आडवा फिरवला. "लादी!" असं काहीसं ओरडला.

"कसली लादी?" हिनं विचारलं.

ग्रीकमध्ये 'लादी' म्हणजे तेल. समुद्र एकदम शांत झाला की ते म्हणतात, आज तेल आहे. मी सांगितलं, पण तिनं मान हलवली. पाणी खरंच नुकत्याच पुसलेल्या लादीसारखं होतं. पोलिएगोस समोर दिसत नव्हतं, पण मुलगी त्याच दिशेला बघत राहिली. फेरीचा फाळका वर उचलला जाईपर्यंत.