वाचनाचा पुरावा आणि अध्यापकाचे आत्मपरीक्षण : रिचर्ड्स यांच्या प्रयोगाच्या निमित्ताने

आय. ए. रिचर्ड्स यांचे नाव मराठी समीक्षेत प्रामुख्याने भाषेचा भावनिष्ठ वापर, प्रेरणांचा समतोल आणि नवसमीक्षेची पूर्वपीठिका या संदर्भांत घेतले जाते. त्यांचा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) हा ग्रंथ मुळात एका अध्यापकाने स्वतःच्या वर्गाचा घेतलेला शोध आहे, ही बाजू त्यामानाने उपेक्षित राहिली आहे. अध्यापकाने आपल्या अध्यापनाचे परीक्षण कसे करावे, या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र हीच बाजू अधिक महत्त्वाची ठरते.

प्रयोगाचे स्वरूप साधे होते. रिचर्ड्स केंब्रिज येथील आपल्या श्रोत्यांना काही कविता छापून देत. कवीचे नाव दिलेले नसे. श्रोत्यांनी आठवडाभर त्या वाचून आपले अभिप्राय लिहून द्यावेत आणि कविता किती वेळा वाचली तेही नोंदवावे, अशी अपेक्षा होती. एका बैठकीतील सारी वाचने मिळून एकच वाचन धरावयाचे होते. तरीही चारपेक्षा कमी वाचने क्वचितच नोंदली गेली, काहींची तर दहा-बारा झाली. तेव्हा अभिप्रायांत जे दोष दिसले ते निष्काळजीपणाचे नव्हते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ग्रंथात अशा तेरा कवितांवरील अभिप्राय आले आहेत. त्यांत डन, हॉपकिन्स, हार्डी, लॉरेन्स, लाँगफेलो यांच्या रचनांबरोबर अगदी सामान्य कवींच्याही रचना होत्या. श्रोत्यांपैकी बहुतेक जण इंग्रजी वाङ्मयाचा विशेष अभ्यास करणारे होते, आणि तरीही अनेकांना कवितेचा सरळ अर्थच लावता आला नव्हता. रिचर्ड्स यांनी नोंदविलेल्या दहा अडचणींत या अडचणीला पहिले स्थान आहे. असंबद्ध व्यक्तिगत आठवणी, साचेबंद प्रतिसाद, भावविवशता, सिद्धान्ताग्रह या अडचणी त्यानंतर येतात.

येथे अध्यापनाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, पुढील आठवड्याच्या व्याख्यानात रिचर्ड्स कवितेपेक्षा या अभिप्रायांवरच अधिक बोलत. वर्गात काय सांगावे याचा निर्णय, वर्गाने काय वाचले हे पाहिल्यानंतर होत असे. सामान्यतः याच्या उलट घडते. अध्यापक आपले टाचण आधी तयार करतो, तास घेतो, आणि विद्यार्थ्याचे वाचन त्याच्या हाती येते ते थेट परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, म्हणजे काही उपाय करण्याची वेळ टळल्यावर.

जॉन ड्यूई यांनी ‘हाउ वुई थिंक’ (१९१०, सुधारित आवृत्ती १९३३) या ग्रंथात विचारशील चिंतनाचा आरंभ एखाद्या जाणवलेल्या अडचणीत शोधला आहे. ज्या समजुतीवर आपण वागतो ती कोणत्या आधारावर उभी आहे, याचा चिकाटीने केलेला तपास म्हणजे असे चिंतन. डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (१९८३) मध्ये वास्तुरचना, मानसोपचार, नगरनियोजन अशा व्यवसायांच्या आधारे दाखविले, की कुशल व्यावसायिक तयार सिद्धान्त परिस्थितीला नुसता लावत नाही; काम चालू असतानाच तो समस्येची मांडणी बदलत असतो. समस्या सोडविणे आणि समस्या मांडणे यांतील हा भेद साहित्याच्या अध्यापकाला विशेष उपयोगी आहे, कारण रिचर्ड्स यांच्या प्रयोगाची मर्यादा नेमकी येथेच दिसते. कवीचे नाव आणि काळ काढून घेतल्यावर वाचक चाचपडणार हे उघड होते. त्यातील किती चाचपडणे वाचकाचे आणि किती त्या अटीचे, हा प्रश्न रिचर्ड्स यांनी पुरेशा कठोरपणे स्वतःला विचारला असे म्हणता येत नाही. त्यांच्या निदानाचा रोख बहुतांशी विद्यार्थ्यांकडे राहिला.

हा रोख अध्यापकाकडे वळविला तर काय हाती लागते, हे बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ या कवितेवरून पाहता येईल. शाळेपासून परिचित असल्याने या कवितेबाबत कवीचे नाव झाकून काहीच साधत नाही, ही आपल्याकडील निराळी अडचण; परंतु प्रयोगाचे मर्म नाव झाकण्यात नसून अध्यापकाच्या विवेचनापूर्वी वाचन लिहून घेण्यात आहे. ‘निसर्गाचे रम्य चित्र’ हा या कवितेवरील ठरीव अभिप्राय होय. केवळ आठ ओळींच्या या रचनेत पायवाट हिरव्या कुरणांतून निघते आणि काळ्या डोहाशी पोचते. पाण्यावर काळोखी पसरते आणि मग वृक्ष दिसतो. रम्यतेचा अभिप्राय देणारा वाचक त्या पायवाटेने शेवटपर्यंत गेलेलाच नसतो. हा विद्यार्थ्याचा साचेबंद प्रतिसाद खरा. पण साचा कोणी दिला? ‘निसर्गकवी’ ही उपाधी अध्यापकाने पहिल्याच वाक्यात उच्चारलेली असते आणि प्रश्नपत्रिकेत ‘बालकवींच्या काव्यातील निसर्गचित्रण स्पष्ट करा’ असे विचारलेले असते. त्या प्रश्नाला डोहाचे उत्तर येणे कठीणच. मर्ढेकरांच्या कवितेबाबत ‘यंत्रयुगातील माणसाची घुसमट’ हे शब्द उत्तरपत्रिकांतून ज्या सातत्याने परत येतात, त्याचेही कारण निराळे नाही. अध्यापक तेथे आपलेच वाक्य तपासतो आणि त्याला गुण देतो.

म्हणून तासानंतर ‘तास चांगला झाला’ अशी नोंद करण्याला फारसा अर्थ नाही. स्मृती अध्यापकाच्या बाजूने साक्ष देते. तास घेण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर असणे आवश्यक आहे : विद्यार्थ्यांनी विवेचनाशिवाय लिहिलेली चार-सहा वाक्ये, आणि ती वाचण्यापूर्वी अध्यापकाने स्वतः बांधलेला अंदाज. अंदाज आणि प्रत्यक्ष वाचन यांतील अंतर हीच ड्यूई यांना अभिप्रेत असलेली अडचण. ती आधी लिहून ठेवली नाही तर जाणवतही नाही. पुढे स्टीफन ब्रुकफिल्ड यांनी (१९९५) अध्यापकाच्या आत्मचरित्राबरोबर विद्यार्थी, सहकारी आणि सैद्धान्तिक वाङ्मय यांच्या दृष्टीतूनही अध्यापन पाहावे असे सुचविले. यांपैकी सहकाऱ्याची दृष्टी मिळविणे सर्वांत सोपे आणि, विभागातील मानापमानाचा विचार करता, सर्वांत अवघडही आहे.

वर्ग मोठा असतो, अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, हे आक्षेप खोटे नाहीत. ऐंशी विद्यार्थ्यांचे लेखन दर आठवड्यास वाचणे अशक्यप्राय आहे. सत्रात दोन कवितांपुरते ते शक्य आहे. अधिक गंभीर धोका सक्तीचा आहे. आत्मपरीक्षणाची वही तपासणीसाठी सादर करावयाची ठरली, की तीत अपयश लिहिले जात नाही आणि ती टाचणाच्या वहीसारखीच एक औपचारिकता होऊन बसते. असे लेखन अध्यापकाच्या स्वतःच्या ताब्यात राहिले पाहिजे. त्याचा परिणाम इतरांना दिसावयाचा तर तो दिसण्याची जागा दुसरीच आहे : पुढील वर्षी बालकवींवर काढलेला प्रश्न.