दवाखान्यातून घरी आल्यावर

युनियनच्या कामात माझी तीस वर्षे गेली. कामगाराला इजा झाली की टाके पडेपर्यंत सगळेच धावपळ करतात. पुढची रजा आणि जखम भरेपर्यंतचे हलके काम मात्र भांडून मिळवावे लागते. कामगाराला निदान तोंड असते. घरातल्या कुत्र्यामांजराला तेही नाही. म्हणून आज त्यांच्या वतीने चार शब्द.

आमच्या चाळीत एका कुटुंबाने मांजरीची नसबंदी करून आणली. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती. रात्री अंग गरम लागले, म्हणून घरच्या बाईंनी मायेने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली. दुसऱ्या दिवशी मांजरीचे तोंड सुजले, हिरड्या तपकिरी पडल्या आणि संध्याकाळी ती गेली. वास्तविक कुत्र्यामांजरांचे अंग मुळातच 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते; आपला जो ताप, ती त्यांची प्रकृती. शिवाय ही गोळी निकामी करून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. तिच्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेईनाशा होतात. आयबुप्रोफेनही कुत्र्यामांजरांना घातकच. तेव्हा पहिला नियम हा, की माणसाच्या डब्यातील गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जनावराला द्यायची नाही.

पहिल्या रात्री भुलीचा अंमल असतो. जनावराला खाटेवर न ठेवता जमिनीवर, उबदार पोत्यावर किंवा सतरंजीवर निजवावे. उंचावरून पडले तर टाके तुटतात. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडे पाणी, मग थोडेसे हलके अन्न.

कुत्र्याच्या चाटण्याने जखम भरते, अशी जुनी समजूत आहे. ती खरी नाही. जिभेने टाके सुटतात आणि जंतू आत शिरतात. म्हणून डॉक्टर गळ्यात शंकूसारखी कॉलर घालतात. जनावर केविलवाणे पाहते म्हणून ती काढू नये. जखमेवर हळद, तेल, फिनेल काहीही लावू नये. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. तोवर आंघोळ नाही, उड्या नाहीत, कुत्र्याला साखळीनेच फिरवावे. बरे दिसले तरी औषधाचा ठरलेला क्रम पुरा करावा.

जखम रोज दोनदा पाहावी. किंचित लाली चालते. पण सूज वाढली, पू किंवा दुर्गंधी आली, रक्त ठिबकू लागले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, श्वास जड झाला, लघवी थांबली किंवा उलट्या होत राहिल्या, तर सकाळची वाट पाहू नये. चोवीस तास अन्नाला तोंड लावले नाही तरी डॉक्टरांना कळवावे. मांजर काही दिवस उपाशी राहिले, तर यकृतात चरबी साठून नवेच दुखणे उभे राहते.

त्या बाई निष्काळजी नव्हत्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांनी विचारलेही नव्हते. दवाखान्यातून निघताना कोणते औषध, किती वेळा, किती दिवस आणि टाके केव्हा, हे चार प्रश्न विचारून उत्तरे कागदावर घ्यावीत. तोंडी करारावर विसंबू नये, हे आम्ही चळवळीत ठेचा खाऊन शिकलो. इथे तर ठेच दुसऱ्याच्या जिवाला लागते.